सॉल्व्हंट कशावर टेकून बसलाय, ते आधी पाहा

प्रश्न असा आहे: एका जुन्या कारखान्याच्या आवारात धातूचे सुटे भाग ट्रायक्लोरोएथिलीन (टीसीई) या तेलकट मळ विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने धुतले जात. टाकी गळते हे फार उशिरा कळले. गेली नऊ वर्षे तीन विहिरींतून भूजल उपसून शुद्ध केले जात आहे. पहिल्या दोन वर्षांत टीसीईचे प्रमाण झपाट्याने उतरले, मग लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅमवर येऊन अडकले. पंप महिनाभर बंद ठेवला की आकडा पुन्हा चढतो. आता सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, जमिनीत सोडायचा सल्ला मिळाला आहे. त्याने हे धुऊन निघेल का, आणि धोका काय?

निघू शकेल. योग्य जमिनीत हा उपाय इतका चांगला चालतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पण तुमच्या प्रश्नात सर्फॅक्टंटचे नाव आहे, पंपाचे आकडे आहेत, आणि जलधराच्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराच्या, तळाशी काय आहे याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या लेखी निर्णय तिथेच होतो. तळ नीट माहीत नसेल तर एक लिटरही जमिनीत सोडू नका. हे इतक्या ठासून का सांगतो, ते पुढे येईलच.

आधी आकडा का अडकला ते समजून घेऊ. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, घनता १.४६. शिवाय ते पाण्याहून पातळ आहे. त्यामुळे गळालेले टीसीई भूजलाच्या पातळीवर तरंगत राहत नाही, थरांतून वाट काढत खाली खाली जाते. जाताना वाळूच्या कणांमधल्या छिद्रांत थेंब आणि तुटक धागे मागे सोडते, आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर पातळ डबक्यासारखे पसरते. मागे राहिलेले हे थेंब पंपाच्या ओढीने हलत नाहीत. टीसीई आणि पाणी यांना एकमेकांत मिसळू न देणारा, त्यांच्या सीमेवरचा आंतरपृष्ठीय ताण सेंटीमीटरला सुमारे ३५ डाइन असतो. अरुंद छिद्राच्या तोंडातून थेंब पलीकडे ढकलायला जेवढा दाब लागतो, त्याच्या जवळपासही विहिरीचा उपसा पोहोचत नाही. थेंब जागच्या जागी बसून राहतो आणि शेजारून जाणाऱ्या पाण्यात कणाकणाने विरघळतो.

टीसीई पाण्यात लिटरला साधारण ११०० मिलिग्रॅम विरघळते. तुमच्या विहिरीत येणारे २५ ते ३० म्हणजे त्याच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. विद्राव्यतेच्या एक टक्क्याच्या वर आकडा सातत्याने राहिला तर वरच्या अंगाला कुठेतरी मूळ द्रव शिल्लक आहे असे समजून चालायचे, हा आमच्या कामातला जुना ठोकताळा आहे. ठोकताळाच तो, पुरावा नव्हे. तरी तुमच्याकडे अजून द्रव आहे, असेच मी धरून चालेन.

किती आहे याने फार मोठा फरक पडतो. २०० लिटरच्या एकाच पिंपात सुमारे २९० किलो टीसीई मावते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने ते एक पिंप ५,८०० कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत दूषित करू शकते. आणि ३० मिलिग्रॅमच्या गतीने ते उपसून काढायचे तर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी ओढावे लागेल, तेही आकडा शेवटपर्यंत ३० वरच राहिला तर. तो राहत नाही. थेंब आक्रसत जातात, त्यांचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग घटतो आणि काम लांबत जाते. पंप दोषी नाही. दूषित पाणी आवाराबाहेर जाऊ न देणे हे त्याचे काम, आणि ते तो करतो आहे. मूळ साठा काढणे त्याच्याच्याने होणार नाही.

सर्फॅक्टंट इथे दोन वेगळ्या रीतींनी कामाला येतो, आणि या दोन्हींत गल्लत झाली की नुकसान होते.

पहिली रीत विरघळवण्याची. सर्फॅक्टंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. ठरावीक तीव्रतेच्या वर हे रेणू पाण्यात एकत्र येऊन गोळे बांधतात, त्यांना मायसेल म्हणतात. तेलप्रिय टोके आत, पाण्याची टोके बाहेर. सॉल्व्हंट त्या गोळ्यांच्या पोटात शिरतो आणि पाण्यासोबत वाहू लागतो. ड्रायक्लीनिंगमध्ये वापरले जाणारे पीसीई साध्या पाण्यात लिटरला जेमतेम ०.२ ग्रॅम विरघळते. ट्वीन ८० या सर्फॅक्टंटच्या ४ टक्के द्रावणात तेच २६ ग्रॅमच्या आसपास जाते. शंभरपटीहून जास्त. मघाच्या हिशेबातले कोटी लिटर कागदावर तरी दहा-बारा हजार लिटरवर येतात ते असे.

दुसरी रीत थेंब सुटा करण्याची. आंतरपृष्ठीय ताण ३५ वरून ०.०१ किंवा त्याखाली आणला तर अडकलेला थेंब छिद्रातून निसटतो आणि द्रव स्वतःच वाहू लागतो. तेल उद्योगाने जुन्या विहिरींतले उरलेसुरले खनिज तेल काढायला हीच युक्ती वापरली, आणि आमच्या शाखेचे बरेचसे ज्ञान तिथूनच आले. पण खनिज तेल पाण्यापेक्षा हलके. सुटले की वर येते. टीसीई जड आहे. सुटले की खाली जाते, आणि ताण उतरलेला असल्यामुळे पूर्वी ज्या बारीक मातीत त्याला शिरता येत नव्हते तिच्यातही शिरू शकते. खाली सलग, जाड चिकणमाती असेल तर ते तिच्यावर साठेल आणि तिथल्या विहिरीतून ओढता येईल. तीच माती भेगाळलेली असेल, किंवा कोणी जुना बोअर नीट न बुजवता सोडून दिला असेल, तर ज्या खालच्या जलधराला आजवर काही झाले नव्हते त्यात तुम्ही स्वतःच्या हाताने टीसीई ओतले असे होईल. ते परत काढायचा सोपा मार्ग मला माहीत नाही. म्हणून तळ.

तुमच्यासाठी मी फक्त विरघळवण्याची रीत धरेन, आणि ताण मुद्दाम फार खाली जाऊ देणार नाही.

हे ठरते काचेच्या नळ्यांत. या कामातला हा भाग मला सर्वांत आवडतो आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. अंश कोरलेल्या दहा-बारा नळ्या घ्यायच्या. प्रत्येकीत निम्मे सर्फॅक्टंटचे द्रावण, निम्मा सॉल्व्हंट. फरक फक्त मिठाचा, नळीगणिक थोडे थोडे वाढवत न्यायचे. हलक्या हाताने उलटसुलट करून ठेवून द्यायच्या. ॲनायनिक, म्हणजे ऋणभारित, सर्फॅक्टंट असेल तर कमी मिठाच्या नळीत दोन थर दिसतात. खाली सॉल्व्हंट, वर पाणी, आणि वरच्या पाण्याला किंचित निळसर झाक. सॉल्व्हंट त्या पाण्यात शिरलेला असतो, खालचा थर कोरलेल्या रेघेच्या खाली सरकलेला दिसतो. मीठ वाढत गेले की एका टप्प्यावर मधोमध तिसरा थर उभा राहतो. ते मायक्रोइमल्शन. ताण तिथे सर्वांत कमी असतो. नळी जराशी तिरपी केली तरी थरांमधली रेघ आळसावल्यासारखी, हळूहळू कलते. आणखी मीठ घातले की सर्फॅक्टंट पाणी सोडून सॉल्व्हंटमध्येच जाऊन बसतो. जमिनीत असे झाले तर सर्फॅक्टंट गेला आणि सॉल्व्हंटही तिथेच राहिला. विन्सर या रसायनशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये या तीन अवस्थांची जी वर्गवारी केली, तीच आजही आम्ही वापरतो. तुम्हाला पहिल्या अवस्थेत राहायचे आहे, तिसऱ्या थरापासून सुरक्षित अंतर ठेवून.

या नळ्यांबाबत माझे तीन हट्ट आहेत. सॉल्व्हंट जागेवरचाच हवा, बाटलीतला शुद्ध टीसीई चालणार नाही. धातू धुतलेल्या टीसीईत वंगण, कटिंग ऑइल, ग्रीस असे काय काय विरघळलेले असते, आणि त्याने मिठाचा सगळा हिशेब सरकतो. पाणी जागेवरचेच हवे, कारण त्यातले कॅल्शियम काही ॲनायनिक सर्फॅक्टंटना साका करून खाली बसवते. आणि तापमान भूजलाचे हवे, प्रयोगशाळेतल्या खोलीचे नको.

पहिला हट्ट मी अनुभवातून शिकलो. एका जागेवर खोलातून नमुना मिळायला वेळ लागत होता, म्हणून शुद्ध टीसीईवर चाचण्या करून मी पुढे जाऊ दिले. चौथ्या दिवशी इंजेक्शन विहिरीचा दाब चढू लागला. विहीर उपसून पाहिली तर बादलीत पिवळट, जेलीसारखा चिकट लगदा आला. बोट बुडवून वर काढले की तार सुटायची. कटिंग ऑइल आणि सर्फॅक्टंट मिळून जेल बनले होते आणि विहिरीभोवतालची वाळू त्याने लिंपून टाकली होती. ती विहीर आम्हाला सोडून द्यावी लागली. तेव्हापासून जागेवरचा द्रव हाती आल्याखेरीज मी आराखड्यावर सही करत नाही. असा लगदा टाळायला आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखे सहद्रावक थोड्या प्रमाणात मिसळतात, पण किती, ते नळ्याच सांगतात.

नळ्यांनंतर वाळूचे स्तंभ. जागेवरून काढलेली वाळू काचेच्या स्तंभात भरून त्यातून द्रावण सोडायचे आणि दोन गोष्टी पाहायच्या: सर्फॅक्टंट मातीला किती चिकटून वाया जातो, आणि पाणी जाण्याची गती घटते का. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून धनभारित सर्फॅक्टंटचा विचारही नको, ते मातीला चिकटून बसतील. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटही नकोत. त्यांच्या विघटनातून नोनिलफिनॉल तयार होते आणि ते जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. एक विष काढताना दुसरे ठेवून यायचे नाही. सल्फोसक्सिनेट गटातले सर्फॅक्टंट, किंवा खाद्यपदार्थांतही परवानगी असलेला ट्वीन ८०, हे पर्याय चांगले तपासले गेले आहेत.

प्रत्यक्ष जमिनीवर हे कुठे जमले? कॅनडात ओंटारिओतल्या बॉर्डन लष्करी तळावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्र्याच्या भिंती ठोकून ३ मीटर लांब-रुंद कप्पा केला, त्यात मुद्दाम २०० लिटरहून जास्त पीसीई सोडले आणि मग सर्फॅक्टंटने धुऊन पाहिले. किती घातले ते नेमके माहीत असल्याने किती निघाले याचा हिशेब प्रामाणिक राहिला. त्यानंतर १९९६ मध्ये युटातल्या हिल हवाई दलाच्या तळावर खऱ्या गळतीवर काम झाले. तिथे ८ टक्के सल्फोसक्सिनेट, ४ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मोजून मीठ वापरले होते. चाचणीच्या क्षेत्रातला सुमारे ९८ ते ९९ टक्के द्रव निघाला. पण ती जमीन कशी होती पाहा: जुन्या प्रवाहाने जाड चिकणमातीत कोरलेली नाळ आणि तिच्यात भरलेली वाळू. तळ पक्का आणि दोन्ही काठही पक्के. जणू निसर्गाने घडवून दिलेली परात.

याउलट नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेजून या तळावर १९९९ मध्ये ड्रायक्लीनिंगच्या पीसीईवर काम झाले. सर्फॅक्टंट वर काढून, गाळून पुन्हा वापरण्याचाही यशस्वी प्रयोग तिथे झाला. सुमारे २९० लिटर पीसीई बाहेर आले. वरची रेताड पट्टी चांगली धुतली गेली, तळाकडच्या बारीक गाळातले मात्र बरेच तिथेच राहिले. द्रावण सोपी वाट धरते. वाळूतून धावते, गाळाला वळसा घालते. झँथन गम मिसळून द्रावण घट्ट केले, किंवा फेस करून मोकळ्या वाटा तात्पुरत्या अडवल्या, तर थोडी मदत होते. थरांच्या पारगम्यतेत, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेत, शंभर-हजारपटीचा फरक असेल तिथे मात्र या युक्त्याही थिट्या पडतात.

आणि इथेच तुमच्या जागेविषयीची माझी खरी शंका आहे. नऊ वर्षांच्या उपशानंतर पंप थांबताच आकडा चढतो, याची दोन कारणे असू शकतात. एक, वाळूत अजून द्रव आहे. दोन, द्रव बराचसा संपला आहे, पण इतकी वर्षे चिकणमातीत मुरलेले टीसीई आता उलटे बाहेर झिरपते आहे. दुसऱ्या बाबतीत सर्फॅक्टंटचा उपयोग शून्य. तो त्या मातीत पोहोचणारच नाही. तिथे जमीन तापवून वाफेसह सॉल्व्हंट खेचून घेणे किंवा जिवाणूंकडून काम करून घेणे, असे मार्ग पाहावे लागतील. विहिरीतल्या पाण्याच्या आकड्यांवरून हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी माती काढून पाहावी लागते.

धरू की वाळूतच द्रव आहे आणि तळ पक्का आहे. मग किती द्रव आहे ते मोजण्यासाठी ट्रेसर चाचणी करायची. दोन-तीन वेगवेगळी अल्कोहोले एकदम सोडायची. ज्यांना सॉल्व्हंटची ओढ जास्त, ती वाटेत थेंबांत थांबत थांबत उशिरा पोहोचतात. त्या उशिरावरून थेंबांचे प्रमाण काढता येते. धुण्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा करायची. यावर खर्च वाचवू नका. नाहीतर काम संपल्यावर किती काढले तेवढेच सांगता येईल, किती राहिले ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो.

सोडताना जेवढे सोडता त्याहून जास्त उपसा, शक्यतो दीडपट ते दुप्पट. आधी नुसते साधे पाणी फिरवून विहिरींचा ताबा बसलाय की नाही ते पाहा. सॉल्व्हंटने भरलेले द्रावण साध्या पाण्यापेक्षा जड होऊन खाली बुडते, म्हणून उपसा विहिरीची जाळी, म्हणजे पाणी आत घेणारा पाइपचा छिद्रांचा भाग, थेट तळाला भिडलेली हवी. तळापासून मीटरभर वर थांबलेल्या जाळीने काम फसलेले मी पाहिले आहे.

वर आलेल्या पाण्याचे काय करायचे, हा भाग आराखड्यात सहसा एका ओळीत उरकलेला असतो. तुमचा सध्याचा एअर स्ट्रिपर, म्हणजे पाण्यातून हवा फुंकून टीसीई उडवणारा मनोरा, त्याला पुरणार नाही. मायसेल टीसीईला धरून ठेवतात, ते हवेत सहजी उडत नाही, आणि हवा सोडताच मनोरा फेसाने भरतो. फेस वरच्या पाइपातून बाहेर येऊन जमिनीवर सांडायला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि त्या फेसात टीसीई असते. फेसरोधक घालावा लागतो, हवेचे प्रमाण बदलावे लागते, किंवा पडद्यावाटे गाळण्याची वेगळी यंत्रणा उभारावी लागते. कार्बनच्या टाक्यांवर विसंबू नका. सर्फॅक्टंटच त्यांची जागा अडवून टाकतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. मिशिगनमध्ये ओस्कोडा इथे बॅकमन रोडवरच्या जागेत २००० साली ६ टक्के ट्वीन ८० चे सुमारे ६८,००० लिटर द्रावण फिरवून पीसीई काढले. एकूण निघाले फक्त १९ लिटर, पण नंतरच्या तपासण्यांत मूळ जागेतले प्रमाण पुष्कळ खाली राहिले आणि पीसीईचे क्लोरीन एकेक करून निघत असल्याच्या खुणा दिसल्या. जमिनीत उरलेला ट्वीन ८० जिवाणूंचे खाद्य झाला होता. म्हणून धुणे झाल्यावर जमीन अगदी निर्मळ करण्याच्या मागे लागू नका, पुढचे काम जिवाणूंवर सोपवता येते. मात्र टीसीई मोडताना वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होते, आणि ते टीसीईपेक्षाही घातक. डिहॅलोकोकॉइडिस हे जिवाणू असतील तरच गाडी पुढे निरुपद्रवी एथिलीनपर्यंत जाते. ते आहेत का, हे तपासून घ्या.

तेव्हा सर्फॅक्टंट विकणाऱ्याला बोलावण्याआधी जुन्या टाकीच्या आसपास अखंड गाभे, म्हणजे मातीचे उभे नळकांडी नमुने, काढून घ्या, पण एका अटीवर: चिकणमाती लागली की थांबायचे, तिच्यात अर्धा मीटरहून जास्त शिरायचे नाही आणि भोक लगेच बेंटोनाइटने, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या मातीने, बुजवायचे. तपासणीसाठी पाडलेल्या भोकानेच सॉल्व्हंटला खालची वाट करून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत. गाभा उभा चिरून वाळू आणि माती यांच्या सीमेवरचा वीतभर तुकडा बाजूला काढा. त्यातली चमचाभर वाळू काचेच्या बाटलीत घ्या, थोडे पाणी आणि चिमूटभर सुदान फोर हा तेलात विरघळणारा लाल रंग टाका, झाकण लावून हलवा. रंगाची भुकटी आणि टीसीई दोन्ही हाताळायला वाईट, तेव्हा हातमोजे घाला आणि काम उघड्या हवेत करा. कणांमध्ये लालभडक थेंब दिसले तर वाळूत द्रव आहे, आणि नळ्यांची तयारी सुरू करायला हरकत नाही. पाच-सहा गाभ्यांतून एकही थेंब दिसला नाही आणि टीसीई मात्र चिकणमातीच्या तुकड्यांतच सापडले, तर सर्फॅक्टंटचा विषय तिथेच बंद करा.